देठाबाई

गल्लीत तिला देठाबाई म्हणत. तोंडावर नव्हे, माघारी. पण गल्ली एवढी अरुंद की माघारी बोललेलंही समोरच्या खिडकीतून आत यायचं. तिला त्याचं काही वाटत नसे. भाजीवाला सवयीने फ्लॉवरची पानं तोडायला लागला की ती हात पुढे करायची, "राहू दे, ती पण माझीच आहेत." मुळा पाल्यासकट, गाजर शेंड्यासकट, कोबी दांड्यासकट. त्यावरून पडलेलं नाव.

लग्न होऊन ती ह्या घरात आली तेव्हा घरात दुसरं बाईमाणूस नव्हतं. सासू कधीच गेली होती. सासरे बाजारात ओझी वाहत, नवरा बसडेपोत गाड्या धूत असे, आणि दीर दहाएक वर्षांचा, गुडघे फुटलेला, सदा भुकेला. त्याला सगळे बारक्या म्हणत. पहिल्या संध्याकाळी तिने भात आणि पातळ डाळ केली. बारक्याने ताट चाटूनपुसून स्वच्छ केलं आणि विचारलं, "उद्या पण तूच करणार?"

"मीच."

"आणि परवा?"

"परवाही मीच. जा, हात धू."

तो हात धुऊन आला आणि पुन्हा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसला. ही बाई मध्येच उठून निघून तर जात नाही ना, ह्यावर तो लक्ष ठेवून होता.

काटकसर तिला कोणी शिकवली नव्हती. गरजेपोटी अंगवळणी पडली आणि पुढे तिला त्यात गोडी वाटू लागली. बाजारात जे उतू चाललंय तेच घरात आणायचं. मटारचे ढीग लागले की मटार, टोमॅटो मातीमोल झाले की टोमॅटो. त्यातलेच थोडे चिरून गच्चीवर वाळत घालायचे. भोपळा आणला तर गराची भाजी, बिया धुऊन भाजलेल्या, आणि साल कोवळं असेल तर तेही बारीक चिरून परतलेलं. ज्या भाजीचे दिवस नाहीत तिच्याकडे ती ढुंकून बघत नसे. "तिला अजून चव आलेली नाही," असं सांगायची, जणू ती भाजी शाळेत घालायच्या वयाची झाली नव्हती.

लग्नाला पाच-सहा वर्षं झाली असतील, नवरा साध्या तापाचं निमित्त होऊन गेला. सासऱ्यांनी हाय खाल्ली; तेही फार दिवस राहिले नाहीत. पोटी मूल नव्हतं. माहेरची माणसं न्यायला आली तेव्हा बारक्या दाराआड उभा होता. ती म्हणाली, "ह्याची शाळा आहे," आणि तो विषय तिथेच संपला.

शर्टाच्या कारखान्यात तिला काजं पाडायच्या मशीनवर काम मिळालं. बारक्या शाळेत काही रमला नाही. सुताराच्या हाताखाली लागला. स्वतःच्या हाताने त्याने केलेली पहिली वस्तू म्हणजे वहिनीसाठी एक लाकडी पेटी. कारखान्यातून आणलेली कापडाची कातरणं तिने उशांमध्ये भरली आणि त्या उशा पेटीला आतून चारी बाजूंनी लावल्या. सकाळी भिजलेल्या कडधान्याला खळखळून उकळी आणायची, झाकण घट्ट बसवून पातेलं पेटीत ठेवायचं, वर उशी, वर फळी, आणि कामावर निघायचं. संध्याकाळी यावं तो सगळं मऊ शिजलेलं आणि हाताला चटका बसेल इतकं ऊन. बारक्या म्हणायचा, "वहिनी, तुझ्या घरात वाफसुद्धा फुकट जायला घाबरते."

असा तो तिच्या हाताखाली वाढला. वाढला म्हणजे दारातून वाकून आत यावं लागेल एवढा. पण नाव बारक्याच राहिलं.

पुढे त्याचं लग्न झालं. एका कापडदुकानात कपाटं करायला गेला आणि दुकानदाराच्या मुलीत जीव गुंतवून आला. मुलगी नीटनेटकी, मनाने मोकळी, हाताने सढळ. तेल ओतायला लागली की बाटली सरळ व्हायला वेळ लागायचा. सालं सोलायची ती जाडजूड, आणि सरळ केराच्या डब्यात टाकायची. थोरलीला ते बघवत नसे, आणि थोरली बघतेय हे धाकटीला सोसवत नसे. दोघी एकमेकींशी गोड बोलत, आणि त्या गोड बोलण्यानेच बारक्याला धडकी भरायची.

भडका उडाला तो धाकटीची आई पहिल्यांदा राहायला आली तेव्हा. त्या दिवशी थोरलीने फ्लॉवरच्या देठांची आणि पानांची भाजी केली. गड्डा दुसऱ्या दिवसासाठी ठेवला. भाजी चांगली झाली होती, बारक्याने मागून मागून घेतली. आई मात्र घास चिवडत बसली आणि शेवटी सगळ्यांना ऐकू जाईल अशा हळू आवाजात लेकीला म्हणाली, "एवढी ओढाताण आहे का गं तुमच्याकडे?"

आई जाईपर्यंत धाकटीने दम धरला. मग म्हणाली, "ताई, घरी माणसं आल्यावर तरी गुरांचा चारा शिजवत जाऊ नका."

"ज्याला चारा वाटतो त्याने खाऊ नये," थोरली म्हणाली.

शब्दाने शब्द वाढला. दोघीही नको ते बोलल्या, आणि बोललेलं परत घ्यायची दोघींनाही सवय नव्हती. चूल वेगळी करायचं ठरलं. घर तर एकच. तेव्हा एका रविवारी बारक्याने स्वयंपाकघराच्या मधोमध प्लायवूडची भिंत उभी केली. एरवी शीळ घालत रंधा मारणारा माणूस, त्या दिवशी त्याने शीळ घातली नाही. भिंतीत त्याने एक दार ठेवलं.

"दार कशाला?" धाकटीने विचारलं.

"सुताराने बिनदाराची भिंत घातली तर लोक हसतील," तो म्हणाला आणि हत्यारं गोळा करून बाहेर गेला.

त्या दाराने जा-ये केली ती फक्त छोकरीने, पुढे त्यांना झालेल्या मुलीने. तिला भिंतीचं कारण कोणी सांगितलं नव्हतं. इकडे एक घास, तिकडे एक घास खात ती मोठी झाली. थोरली आणि धाकटी जिन्यात समोरासमोर आल्या की एकीने भिंतीला टेकून उभं राहायचं आणि दुसरीने पुढे जायचं, एवढाच त्यांचा संबंध उरला. अशी वर्षामागून वर्षं गेली.

छोकरी दहा वर्षांची असताना बारक्याला जेवण टोचायला लागलं. आधी त्याने ते हसण्यावारी नेलं, मग पट्ट्याला नवं भोक पाडलं, मग आणखी एक. तपासण्या झाल्या. पोटात गाठ निघाली. अर्धं पोट काढून टाकलं, आणि उरलेल्या शरीरात औषधं सोडायला सुरुवात झाली. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं खाऊ द्या, जे आवडेल ते द्या, पण खाल्लं पाहिजे.

धाकटीने जिवाचं रान केलं. त्याला आवडायचं ते सगळं तिने करून बघितलं. तळलेलं, भरलेलं, दुधातलं, लोण्यातलं. तो ताटाकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा, एक घास तोंडात घ्यायचा आणि डोळ्यांत पाणी येऊन मान फिरवायचा. तोंडाला लोखंड चाटल्यासारखी चव आली होती. फोडणीचा वास आला तरी पोट ढवळायचं. भिंतीच्या पलीकडे थोरलीला हे सगळं ऐकू येत असे. भांड्याचा आवाज, त्याची ओकारी, मग धाकटीने न बोलता लादी पुसणं. ती छोकरीच्या हाती काही पाठवायला वाटी भरायची आणि परत पातेल्यात ओतायची. आपण पाठवलेलं तिकडून परत आलं तर काय, ह्या भीतीने नव्हे. त्याने ते खाल्लं तर धाकटीचं काय होईल, ह्या विचाराने. आणि खरं सांगायचं तर कुठेतरी जुना पीळही शिल्लक होता. तिने यावं, तिने मागावं.

एका दुपारी मधलं दार उघडलं. थोरलीची त्या दिवशी सुट्टी होती; ती मटार सोलत बसली होती. दारात धाकटी उभी, हातात रिकामी वाटी. केस विंचरलेले नव्हते.

"हे विचारतायत," ती म्हणाली, "वहिनीकडे आज काय आहे."

थोरलीने कितीतरी वेळा मनात ह्या प्रसंगाची तालीम केली होती. उत्तरंही तयार होती, एकाहून एक धारदार.

"बस," ती म्हणाली. "पेटीत डाळ आहे, व्हायला अजून थोडा वेळ आहे. तोवर ही सालं उकळते. त्यांचं पाणी गोड लागतं, वास येत नाही."

धाकटी पाटावर बसली. थोरलीने मटारची सालं धुतली, पाण्यात टाकली, वर आल्याचा चिमूटभर कीस घातला. फोडणी नाही, तेल नाही. दोघी पातेल्याकडे बघत बसल्या.

"आम्हीसुद्धा सालं खाल्ली आहेत," धाकटी एकदम म्हणाली.

थोरलीने मान वर केली.

"मी छोकरीएवढी होते. बाबांचं दुकान बंद पडलं होतं. पुन्हा उभं राहायला दोन वर्षं लागली. आई बाजार उठल्यावर जायची आणि खाली पडलेली पानं वेचून आणायची, पिशवीत वर वर्तमानपत्र घालून, कुणाला दिसू नये म्हणून. आम्हाला सांगून ठेवलं होतं, बाहेर बोलायचं नाही. त्या दिवशी तुमच्या ताटात तिने देठ बघितले ना," ती थांबली. "तिला वाटलं मी परत तिथेच जाऊन पडले. मलाही तेच वाटलं."

"मला काय माहीत," थोरली म्हणाली.

"कसं माहीत असणार. सांगितलंच नाही कुणी."

पाण्याला हिरवट रंग चढला. थोरलीने ते गाळलं, त्यात डाळीवरचं निवळ घातलं, मिठाचा कण टाकला, आणि वाटी धाकटीच्या हातात दिली. "तूच दे. मी येत नाही."

बारक्याने चार चमचे घेतले. मग थोडं थांबून आणखी दोन. ते पोटात राहिलं. धाकटी परत दारात आली. तिने रिकामी वाटी नुसती पुढे धरली. थोरलीने ती धुतली आणि पुन्हा भरली.

दुसऱ्या दिवशी बारक्या म्हणाला, त्याची खाट स्वयंपाकघरात हलवा. खोलीत पडून छताकडे बघून जीव उबगला होता. पण भिंतीमुळे अर्ध्या स्वयंपाकघरात खाट मावेना. "मग काढा ती," तो म्हणाला. "स्क्रूवर आहे, खिळ्यांवर नाही." त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर फिरवण्याचं बळ राहिलं नव्हतं. तो खुर्चीत बसून सांगत गेला, वरचा आधी, आता कोपऱ्यातला, वहिनी, तू फळी धरून ठेव, आणि दोघी जावांनी ती भिंत उतरवली. जिथे ती उभी होती तिथे लादीवर एक फिकट पट्टा निघाला. धाकटीने तो घासून बघितला. गेला नाही.

तेव्हापासून सगळा मुक्काम स्वयंपाकघरातच. थोरली पहाटे उकळी आणून पेटी लावायची आणि कामावर जायची. दिवसभर वाटी-वाटीने द्यायचं काम धाकटीचं. धाकटी शिकत गेली. मटारच्या सालांच्या आतला चिवट पापुद्रा नखाने ओढला की बाहेरचं कोवळं साल भाजीला चालतं. पालकाचे देठ आधी टाकायचे, पानं शेवटी. गाजराचा पाला थोडाच, नाहीतर कडवट होतं. भाताचं पाणी फेकायचं नाही. बारक्या खाटेवरून शेरे मारायचा. "सांभाळून गं, आता तुझंही नाव बदलेल गल्लीत."

"बदलू दे," ती म्हणायची.

एकदा धाकटी घासाघीस करून मटार घेऊन आली, आणि थोरलीने एक शेंग मोडून तोंडात टाकली, म्हणाली, "मोसम संपत आला. दाणे पिठूळ झालेत." तिने ते सहज म्हटलं, आणि लगेच शेंगा निवडायला घेतल्या.

छोकरी शाळेतून आली की खाटेच्या कडेला बसून त्याच्याबरोबर जेवायची. तो एक चमचा घ्यायचा तेव्हा तिचं ताट संपलेलं असायचं. "बापाला हरवलंस," तो म्हणायचा. दोन महिने तरी असे गेले. त्याच्या गालावर थोडं मांस आलं. थोरलीच्या मनात आशा उभी राहिली. ती कुणाला सांगत नसे, पण कारखान्यात मशीनवर बसून ती पुढच्या ऋतूचे बेत करायची. टोमॅटो येतील, त्यांचं पातळ सार करू. दुधी येईल.

दुधी आला तेव्हा तो नव्हता. गाठ पुन्हा दुसरीकडे निघाली होती आणि ह्या वेळी डॉक्टरांनी खाण्याबद्दल काही सांगितलं नाही. शेवटचे काही दिवस तो फक्त ओठ ओले करून घ्यायचा. एका सकाळी थोरली कामावर जायला निघाली तेव्हा त्याने तिचा हात धरला, म्हणाला, "उद्या पण तूच करणार ना?" त्याला काय आठवत होतं कोण जाणे; तापात होता. ती म्हणाली, "मीच." ती दुपारी कारखान्यात असतानाच निरोप आला.

माणसं आली, बसली, गेली. शेजाऱ्यांनी डबे आणले. धाकटी रडली, छोकरीला जवळ घेऊन पुन्हा रडली, आणि हळूहळू उठून कामाला लागली. थोरली रडली नाही. ती नेमाने कारखान्यात जायची, नेमाने घरी यायची आणि खिडकीशी बसायची. स्वयंपाकाला हात लावायची नाही. पेटी रिकामी होती. शेजाऱ्यांचे डबे थांबले तेव्हा धाकटीच्या लक्षात आलं की थोरली नुसत्या चहावर आहे.

"ताई, काहीतरी खा."

"कुणासाठी करू," थोरली म्हणाली. आपण काय बोललो हे तिला कळलं असावं, कारण ती म्हणाली, "तुम्ही दोघी खाऊन घ्या."

धाकटीने वाद घातला नाही. ती पिशवी घेऊन बाजारात गेली. टोमॅटोचे दिवस होते. भाव पार कोसळले होते, गाड्यांवर लाल ढीग लागले होते. तिने टोमॅटो घेतले, एक दुधी घेतला, तांदूळ घरात होतेच. सकाळी मसूर भिजवले, उकळी आणून पातेलं पेटीत ठेवलं. घाईत झाकण नीट बसलं नाही की उशी सरकली, कोण जाणे; संध्याकाळी फळी काढली तर मसूर अर्धवट शिजलेले आणि पाणी कोमट. तिने ते पुन्हा चुलीवर चढवलं, नको इतका वेळ ठेवलं, आणि खाली लागलं. दुधीची सालं परतली तीही जाड कापलेली, चिवट. तरी तिने ताट वाढलं आणि खिडकीशी नेलं.

थोरलीने ताटाकडे बघितलं. मसुरात करपलेला काळा कण होता. तिने तो बोटाने बाजूला केला आणि एक घास घेतला, बराच वेळ चावला. मग दुसरा.

"लागलंय," ती म्हणाली.

"हो," धाकटी म्हणाली. "आणि सालं कच्ची आहेत."

"सालं कच्ची आहेत," थोरली म्हणाली, आणि तिथेच ताट मांडीवर ठेवून ती रडली. इतक्या दिवसांचं साठलेलं. आवाज न करता, खांदे हलत राहिले. धाकटी शेजारी जमिनीवर बसून राहिली. तिने तिला समजावलं नाही की डोळे पुसले नाहीत. फक्त ताट लवंडू नये म्हणून एका हाताने धरून ठेवलं. रडणं ओसरल्यावर थोरलीने उरलेलं सगळं जेवण संपवलं, करपलेल्या कणांसकट.

धाकटीने पुढे बापाचं दुकान सांभाळायला घेतलं. सकाळचा स्वयंपाक थोरलीचा, संध्याकाळचा धाकटीचा, असं ठरवून नव्हे, होत होत ठरलं. त्या दोघींनी कधी एकमेकींची माफी मागितली नाही. भांडणं होत राहिली, मुख्यतः तेलावरून. छोकरी कुरकुरायची की दुसऱ्यांच्या घरी वर्षभर सगळ्या भाज्या मिळतात आणि आपल्याकडे आठवडा आठवडा एकच. तेव्हा धाकटी तिला म्हणायची, "उद्या बाजारात चल माझ्याबरोबर. तूच बघ कशाला चव आलीय ते." आणि छोकरी, थोडी रागावलेली, थोडी उत्सुक, सकाळी पिशवी घेऊन तिच्या मागे निघायची.